लॅपटॉपच्या बोर्डावर आर्केड पेटी: प्रकल्प नोंदी, नाशिक

८ नोव्हेंबर २०२५

काम असं: जुना लॅपटॉप सोलून त्याचा बोर्ड टेबलावर ठेवायच्या आर्केड (जॉयस्टिकने गेम खेळायच्या) पेटीत बसवायचा, वाय-फायच्या खाचेतून बाहेरचं ग्राफिक्स कार्ड जोडायचं, वरच्या पत्र्यावर दोन जॉयस्टिक आणि सोळा बटणं. मॉनिटर वेगळा, चोवीस इंची, घरातलाच.

यंत्र २०१२ सालचं. कोअर आय५-३२१०एम, एचएम७६ चिपसेट, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. स्क्रीन फुटलेली, डावी बिजागरी तुटलेली, बॅटरी मेलेली. झाकणावरच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे जे दोष निघतील ते तेरा वर्षांचं वय, धूळ आणि आमचे हात यांचे.

हेच यंत्र का, याला कारण आहे. प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे, म्हणजे बदलता येतो. रॅमच्या दोन खाचा, अडीच इंची डिस्क आणि मिनी पीसीआयईची (आत कार्डं जोडायच्या पद्धतीचा छोटा प्रकार) वाय-फाय खाच, सगळं खालच्या एका झाकणाखाली. लॅपटॉपमधली सॉकेटची सोय इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच होती; पाचव्या पिढीपासून प्रोसेसर थेट बोर्डावर झाळलेले येतात. नंतर रॅमही बोर्डावर गेली. त्यामुळे असल्या कामाला २०१२ ते २०१४ मधला, थोडा जाडजूड लॅपटॉप शोधावा. चकचकीत पातळ यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये.

९ नोव्हेंबर

पूर्ण उघडलं. पुठ्ठ्यावर तळाचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचला. हा आळस परवडत नाही: स्क्रू दिसायला सारखे, पण लांबी चार-पाच प्रकारची, आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो वरचं प्लास्टिक फोडतो किंवा बोर्डाच्या ट्रॅकवर टेकतो.

कीबोर्डची पट्टी ज्या कनेक्टरमध्ये असते त्याचं काळं कुलूप काही ठिकाणी वर उचलायचं असतं, काही ठिकाणी बाहेर सरकवायचं. भिंगातून आधी बघावं. नखाने उचलायला गेलं की कान तुटतो आणि मग पट्टी कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची टेप) दाबून ठेवायची पाळी येते. (एक कान तुटला. कीबोर्डचाच होता, आपल्याला लागणार नव्हता.)

बॅटरीत गोल सहा सेल. मीटरवर शून्य. ती घंटागाडीत टाकायची नाही: कचरा दाबताना सेल चेपला तर गाडीतच पेट घेतो. टोकांना टेप लावून ई-कचऱ्याच्या डब्यात वेगळी ठेवली.

आता महत्त्वाचं. रॅमच्या खाचेखाली बोर्डावर पांढऱ्या छपाईत एक नंबर आहे, ‘एलए’ने सुरू होणारा. हा लॅपटॉप कंपनीचा नंबर नाही, तैवानच्या कॉम्पालचा आहे. क्वांटाच्या बोर्डांवर असाच ‘डीए०’ने सुरू होणारा नंबर असतो. सर्किटचा नकाशा, बायोसची (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) फाइल, कोणत्या पिनवर किती व्होल्ट, हे सगळं या नंबरावर शोधलं तर सापडतं. झाकणावरच्या मॉडेलच्या नावाने शोधलं तर फक्त पिशव्या आणि चार्जरच्या जाहिराती.

मोठमोठी नावं कशी विरली याचं अर्धं उत्तर या पांढऱ्या छपाईत आहे. प्रोसेसर आणि चिपसेट इंटेलचा, विंडोज मायक्रोसॉफ्टचं, बोर्ड आणि जोडणी तैवानी कंपनीची. मग नावाच्या मालकाकडे उरतं काय, तर झाकण, जाहिरात आणि सर्व्हिस सेंटर. किमती घसरल्यावर तेवढ्यावर नफा निघत नाही. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीने घेतली. आयबीएमचा पीसी धंदा २००५ मध्ये लेनोव्होकडे गेला. गेटवे २००७ मध्ये एसरच्या पोटात. सोनीने वायो २०१४ मध्ये विकून टाकली. त्या नावाच्या बोधचिन्हातली पहिली दोन अक्षरं अॅनालॉगची लाट आणि शेवटची दोन डिजिटलचे एक-शून्य, इतका विचार नुसत्या नावावर झालेला. तोशिबाने १९८५ मध्ये टी११०० आणला, २०१८ मध्ये धंद्याचा मोठा हिस्सा शार्पला दिला आणि २०२० मध्ये उरलेलाही सोडला. यंत्रं आता डायनाबुक नावाने निघतात. आपल्याकडे एचसीएल आणि झेनिथ. एकेकाळी सरकारी ऑफिसात, कॉलेजच्या लॅबमध्ये हीच नावं दिसायची. आज एमजी रोडवर नव्या एचसीएल लॅपटॉपची चौकशी करून बघा.

यंत्रं वाईट होती म्हणून ही नावं गेली असं सरसकट म्हणता येत नाही. समोरचा बोर्ड तेरा वर्षांनी चालू होतोय.

१५ नोव्हेंबर

पंखा काढला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा थर नमद्यासारखा जमला होता, चिमट्याने एका तुकड्यात निघाला. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट जाळीत आणखी घट्ट बसतो. पंखा काढावाच लागतो.

जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी फिल्टरच्या कागदाने पुसली. टिश्यूचे तंतू मागे राहतात. दुकानात ‘आयपीए’ म्हणून ७० टक्क्यांचं देतात, त्यात पाणी असतं, घेऊ नये.

प्रोसेसर बदलला. आय५ काढून आय७-३६३२क्यूएम घातला: चार कोअर, आठ थ्रेड, २.२ गिगाहर्ट्झ, ३५ वॅट. हा वॅटचा आकडा पाहूनच घ्यायचा. ३६३०क्यूएम एका आकड्याने वेगळा दिसतो पण तो ४५ वॅटचा आहे, आणि या यंत्राचा हीटसिंक व व्होल्टेजची सोय ३५ च्या हिशेबाने केलेली. शिवाय याच नंबराचे झाळायचे प्रकारही विकायला असतात, म्हणून विक्रेत्याकडून खालच्या पिनांचा फोटो मागवावा. बायोस आधी, जुन्या प्रोसेसरवरच अपडेट केला. नवा घातल्यावर बोर्डाने ओळखला नसता तर परत सगळं खोलावं लागलं असतं.

सॉकेटच्या कडेला चपट्या स्क्रूड्रायव्हरचा एक स्क्रू असतो, अर्धा फेरा दिला की पकड सुटते. सोनेरी त्रिकोण त्रिकोणावर ठेवायचा, दाबायचं नाही, प्रोसेसर आपल्या वजनाने बसतो. दाबावं लागतंय म्हणजे पिन वाकलीय. हीटसिंकचे स्क्रू त्यावर कोरलेल्या १-२-३-४ क्रमानेच, आणि एका दमात नाही, थोडे थोडे आळीपाळीने.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर३एल. या १.३५ व्होल्टच्या पट्ट्या १.५ वरही चालतात. उलटं गृहीत धरू नये. डिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी. लिनक्स मिंट टाकलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला आणि ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही.

१६ नोव्हेंबर

पॉवरचं बटण कीबोर्डच्या वरच्या पट्टीत होतं, ती पट्टी पेटीत येणार नाही. बटणाची चार तारांची फीत. मीटरने शोधलं: चार्जर लावल्यावर एका पिनवर ३.३ व्होल्ट, दुसरी जमीन (ग्राउंड), उरलेल्या दोन एलईडीच्या. ३.३ ची पिन क्षणभर जमिनीला लावली की यंत्र सुरू. तिथून दोन बारीक तारा काढून आर्केड बटणाला नेल्या. झाळताना टोक ३२० अंशांवर, दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर कनेक्टरचं प्लास्टिक बसतं.

बॅटरीशिवाय काही यंत्रं प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली धरतात. भार टाकून पाहिलं, इथे तसं नाही. चार्जर मात्र १९ व्होल्ट ४.७४ अँपिअरचा, म्हणजे ९० वॅटचा लावला. बरोबर आलेला ६५ चा होता. बायोसची नाणं-बॅटरी २.६ व्होल्टवर आलेली, बदलली. ती संपली की प्रत्येक वेळी तारीख जाते आणि बायोसमध्ये केलेले बदलही.

फुटकी स्क्रीन केबलसकट काढली. जोडलेली राहिली तर लिनक्स तिलाच मुख्य पडदा समजतं आणि गेमची खिडकी तिथे उघडते. आवाज येतो, चित्र नाही, आणि तासभर कार्डाला शिव्या दिल्या जातात.

२२ नोव्हेंबर

ग्राफिक्स कार्ड: जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, वापरलेलं. ७५ वॅटमध्ये बसतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही. ड्रायव्हर ५८० शाखेचा. पास्कल पिढीला आधार देणारी ती शेवटची शाखा. म्हणजे हे कार्डही निवृत्तीच्या वाटेवर आहे, पण आर्केडला पुरेल.

अडॅप्टर: मिनी पीसीआयईच्या खाचेत बसणारी पट्टी, तिथून केबल, दुसऱ्या टोकाला पूर्ण आकाराचा पीसीआयई स्लॉट. पट्टीवरचं टोक एचडीएमआयसारखं दिसतं, पण त्यात एचडीएमआयचा एकही सिग्नल नाही. ते टीव्हीत किंवा टीव्हीची केबल त्यात खुपसू नये. पेटीत हे टोक आतच ठेवून वर लाल टेप गुंडाळली.

वाय-फाय कार्ड निघाल्यावर अँटेनाच्या दोन तारा मोकळ्या राहतात. टोकं धातूची. कॅप्टॉन टेप लावून बाजूला चिकटवल्या. इंटरनेट आता लॅनच्या वायरीने.

कार्डाला पॉवर ४५० वॅटच्या एटीएक्स एसएमपीएसमधून (डेस्कटॉपला वीज पुरवणारा डबा). स्लॉटची १२ व्होल्टची लाइन जास्तीत जास्त साडेपाच अँपिअर देते, तेव्हा एसएमपीएसच्या वॅटपेक्षा तारांची जाडी आणि कनेक्टरची पकड बघावी. सैल पिन काळी पडते.

पहिल्यांदा चालू केलं: मॉनिटर काळा, यंत्र बायोसच्या आधीच अडकलेलं. पंखा फिरतोय, बाकी शांत.

२३ नोव्हेंबर

कारण सापडलं. बायोस सुरुवातीलाच सगळ्या पीसीआयई खाचा तपासतो आणि प्रत्येकाला ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांत जागा वाटतो. वाय-फाय कार्डाला किलोबाइटांत भागतं, ग्राफिक्स कार्ड शेकडो मेगाबाइट मागतं. लॅपटॉपच्या बायोसला हे अपेक्षितच नाही, तो तिथेच बसतो.

उपाय अडॅप्टरवरच आहे: दोन छोटे स्विच, कार्डाला ७ किंवा १५ सेकंद उशिरा दाखवणारे. ७ वर ठेवलं. बायोस निघून जातो, मग कार्ड प्रकट होतं. काही कंपन्यांचे बायोस अनोळखी वाय-फाय कार्ड नाकारतात. हा उशीर त्यांनाही चुकवतो.

पुढची अडचण: लिनक्सला कार्ड दिसलं पण ड्रायव्हर चढेना, पत्त्यांची जागा अपुरी. कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) सुरुवातीच्या ओळीत पीसीआय ‘रीअलॉक’चा पर्याय जोडला, जागेची वाटणी नव्याने झाली, चित्र आलं. विंडोजवर हीच तक्रार डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड १२’ म्हणून दिसते. तिथे उपाय अधिक किचकट, एसीपीआयच्या (बायोस सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देतो तो) तक्त्यात मोठ्या पत्त्यांची खिडकी उघडावी लागते.

ड्रायव्हर चढेपर्यंत कार्डाच्या मॉनिटरवर काहीच दिसत नाही, साधारण वीस सेकंद. हा बिघाड नाही. बायोसमध्ये जायचं असेल तर मॉनिटर बोर्डाच्या एचडीएमआयला लावायचा.

२९ नोव्हेंबर

वेगाचा हिशेब. या खाचेत पीसीआयई २.० ची एकच लेन (माहिती जायची वाट) आहे. ५ जीटी (गिगाट्रान्सफर) प्रति सेकंद, त्यातले वीस टक्के कोडिंगला जातात, उरतात ५०० मेगाबाइट प्रति सेकंद. हेच कार्ड डेस्कटॉपमध्ये सोळा लेनवर असतं तर याच्या तीस पट रस्ता मिळाला असता.

म्हणून मॉनिटर कार्डालाच लावायचा. चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर परत आणायचं म्हटलं तर गणित असं: १९२० गुणिले १०८० गुणिले ४ बाइट, म्हणजे एका चित्राला ८२ लाख ९४ हजार ४०० बाइट. सेकंदाला साठ चित्रं, ४९ कोटी ७६ लाख बाइट. परतीची लेन तिथेच तुडुंब.

चाचणीत अपेक्षेप्रमाणेच. जुन्या आर्केड आणि कन्सोलच्या एम्युलेटरना (जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्राम) काही फरक पडत नाही, कारण त्यांचं ओझं प्रोसेसरवर. मारामारीचे गेम सुरेख; एकदा मैदान लोड झालं की लेनवरून फार काही जात नाही. मोठ्या मोकळ्या जगाचे गेम मात्र वळणावळणावर अडखळतात, नवी टेक्स्चर त्याच चिंचोळ्या बोळातून यावी लागतात. टेक्स्चर ‘मध्यम’ केल्यावर अडखळणं बरंच कमी.

लेन पूर्ण वेगाने चाललीय ना हे भार असताना बघावं. रिकामं असताना कार्ड वीज वाचवायला स्वतःच २.५ जीटीवर उतरतं. भारातही २.५ दिसलं तर केबल संशयित. लांब केबल लावून पाहिली, लगेच खाली आलं. मूळचीच ठेवली.

६ डिसेंबर

वरचा पत्रा: २ मिलीमीटर एमएस (साधं पोलाद), ६२० बाय २६०. बाजू १२ मिलीमीटर प्लायच्या. एमडीएफ स्वस्त, पण इथल्या पावसाळ्यात कडा फुगतात.

पत्राच का: घेतलेली बटणं दाबून बसणारी आहेत, त्यांचे कान २ ते ४ मिलीमीटर जाडीलाच अडकतात. १२ च्या प्लायला मागून नट लावायची बटणं लागतात. बटणं आधी ठरवा, मग पाटी.

डीएक्सएफ (कापायच्या आराखड्याची) फाइल घेऊन अंबडला लेझर कटिंगवाल्याकडे. त्याने फाइल बघून विचारलं, “भाऊ, होल तीसचंच ठेवू की कोटिंगची जागा सोडू?” त्याला तीसच सांगितलं.

पत्र्यावर जुन्या झाकणाचं बोधचिन्ह कापून घ्यायची सूचना होती. नाकारली. एलियनवेअर आणि व्हूडूपीसी, दोघेही हौशी गेमिंग यंत्रांचे कारागीर, २००६ च्या एकाच वर्षात डेल आणि एचपीने विकत घेतले. एलियनवेअर डेलचा शिक्का म्हणून उरलंय, व्हूडू नाव म्हणून नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला बोर्डाचा ‘एलए’ नंबर लेझरने कोरून घेतला. पुढे पेटी उघडणाऱ्याला त्याचीच गरज लागेल.

१३ डिसेंबर

पत्रा कोटिंग होऊन आला, मॅट काळा. बटणं बसेनात. पावडर कोटिंग साधारण ७० मायक्रॉन, भोकाच्या दोन्ही बाजूंनी धरून ०.१४ मिलीमीटर. तीसचं भोक २९.८६ झालं. विचारलं होतं, ऐकलं नाही. सोळा भोकं गोल कानशीने, प्रत्येकी पाच-सहा हात. उघड्या कडांना नेलपॉलिश, नाहीतर जूनमध्ये गंज. पुढच्या वेळी ३०.३ कापणार.

१४ डिसेंबर

बटणांच्या तारा. जपानी धाटणीच्या बटणांना २.८ मिलीमीटरच्या चपट्या पिना, अमेरिकन धाटणीच्यांना ४.८. मागवलेल्या तारा ४.८ च्या निघाल्या. पक्कडने चेपून बसतात, पण दहा मिनिटं बटणं बडवल्यावर सुटतात. बदलून घेतल्या. दोन यूएसबी एन्कोडर (बटणं दाबल्याचं यंत्राला कळवणारे छोटे बोर्ड), एकेका खेळाडूला एक. दोन्ही एकाच नावाने ओळखले जातात, त्यामुळे रीस्टार्टनंतर खेळाडू एक आणि दोन कधीकधी अदलाबदल होतात. यूएसबीचा पोर्ट बघून नाव देणारा नियम लिहिला, प्रश्न मिटला.

२० डिसेंबर

पत्र्याला हात लावला की झिणझिण्या. उलट्या हाताने स्पष्ट जाणवतात. मीटरवर पत्रा आणि नळाच्या पाइपात १०८ व्होल्ट एसी.

घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही नाही. एसएमपीएसमध्ये फेज ते अर्थ (जमिनीला जाणारी तार) आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट जमिनीत घालवायला. अर्थच नसेल तर दोघांच्या मधोमध निम्मं व्होल्टेज पेटीवर तरंगतं. करंट एक मिलिअँपिअरच्याही खाली, पण तेवढ्याने एन्कोडर मधेच बंद पडून पुन्हा जोडला जात होता.

भिंतीतला सॉकेट तीन पिनी, आत अर्थची तार जोडलेलीच नाही. जुन्या घरांत हे सर्रास. वायरमनकडून अर्थ ओढून घेतली. तरी १०८ तसेच! कोटिंग. पत्रा एसएमपीएसच्या खोक्याला स्क्रूने जोडला होता खरा, पण मधे ७० मायक्रॉनचा रंग, म्हणजे उत्तम इन्सुलेशन. लगखालचा (तारेच्या टोकाची धातूची कडी) रंग खरवडून दातेरी वॉशर टाकला. मीटर शून्यावर.

२७ डिसेंबर

पेटी बंद केली की यंत्र झोपी जातं. उघडली की चालतं. आधी तापमान वाटलं, पण थंड असतानाही तेच. मग तारांवर दाब, मग रॅम. रॅमच्या पट्ट्या दोनदा काढून घातल्या.

शेवटी लक्षात आलं ते स्पीकर हलवताना. झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं ते बोर्डाच्या कडेला असलेल्या तीन पायांच्या, चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरमुळे. झाकणात इवलंसं चुंबक असतं. झाकण गेलं, सेन्सर राहिला. पेटीच्या वरच्या भागात लावलेला चार इंची स्पीकर (त्यातही चुंबक असतं) पेटी बंद केल्यावर बरोबर त्याच्या डोक्यावर येत होता. बोर्डाच्या मते झाकण मिटलं, म्हणून झोप.

सिस्टीममध्ये ‘झाकण मिटल्यावर काहीच करू नका’ अशी सोय आहे, ती केलीच; पण बोर्डावरचा कंट्रोलर स्वतःहूनही काही गोष्टी बंद करतो. म्हणून स्पीकर १२ सेंटीमीटर बाजूला सरकवला. सेन्सर उपटायचाही विचार होता, पण काही बोर्डांत त्याची आउटपुट लाइन अधांतरी राहिली तर झाकण कायम मिटलेलं समजलं जातं. नकाशा बघितल्याशिवाय उपटू नये.

१० जानेवारी २०२६

तापमान. खोलीत १४ अंश, अर्धा तास भार, प्रोसेसर ७६, कार्ड ६३. दिसायला छान. पण नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा ३९-४० पर्यंत जातो, म्हणजे २५ अंश जास्त. प्रोसेसर १०१. याची मर्यादा १०५. पेटीत साठलेली उष्णता धरली तर वेग उतरणारच.

१२० मिलीमीटरचे दोन पंखे लावले, १२ व्होल्ट एसएमपीएसमधून. एक समोर खाली आत ओढणारा, त्यावर जाळी. दुसरा मागे वर बाहेर फेकणारा. बोर्डाचा स्वतःचा पंखा तळातून हवा घेतो, म्हणून बोर्ड प्लायपासून १५ मिलीमीटर उंच स्पेसरवर. आधी ५ ठेवले होते, पंख्याचा आवाज चढलेला आणि हवा नाही.

आता १५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६८.

उरलेलं: पंख्याच्या जाळीला चुंबकी पट्टी नको, स्क्रूच (सेन्सर लक्षात ठेवा). दुसऱ्या जॉयस्टिकचं उजवं मायक्रोस्विच उशिरा लागतंय, पाती वाकवून बघायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला तीच चाचणी परत.